महाराष्ट्रात शिवाशिव फक्त ४ टक्के? सर्वेक्षणात लोक खरं सांगतात का?

कोरा_कागद (धागाकर्ता)

भाची समाजशास्त्रात एम. ए. करतेय. परवा जेवताना तिने मोबाइल पुढे केला. त्यात २०११-१२च्या भारत मानव विकास सर्वेक्षणाचे, म्हणजे आयएचडीएसचे आकडे होते. एनसीएईआर ही दिल्लीची संस्था आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून केलेलं, देशभरातली ४२ हजारांवर कुटुंबं घेतलेलं. त्यात विचारलं होतं, तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का? नाही म्हणालात तर पुढचा प्रश्न : दलित माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी त्याने वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून देशातल्या साधारण २७ टक्के घरांनी कुठल्या ना कुठल्या रूपात पाळत असल्याचं कबूल केलं. मध्य प्रदेशात ५३, हिमाचलात ५०. आणि महाराष्ट्रात ४.

"मामा, बघ आपण किती पुढे आहोत," ती म्हणाली. मी आमटी वाढून घेतली आणि गप्प बसलो.

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या घरी मागच्या पडवीच्या खिडकीत एक कप असायचा. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. रानात कामाला येणाऱ्या काहीजणांना चहा त्या कपात. सगळ्यांना नाही, काहीजणांना. पिऊन झाला की त्यांनीच विसळायचा आणि खिडकीत पालथा घालायचा. लहानपणी मला वाटायचं तो त्यांचा आवडता कप आहे. मोठा झाल्यावर कळलं. त्या वर्षी कोणी फॉर्म घेऊन आमच्या दारात आलं असतं तर घरातून काय उत्तर गेलं असतं हे मला पक्कं माहीत आहे. आमची मोजणी त्या ९६ टक्क्यांत झाली असती.

तर प्रश्न असा, की माणूस तोंडावर खोटं बोलतो हे माहीत असताना समाजशास्त्रवाले सर्वेक्षणावर एवढे विसंबतात कसे? टिंगल करत नाहीये. ज्यांनी हे काम केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

पेठेतला_वाटसरू

४ टक्के पाळतात असं नाही हो, ४ टक्के खरं बोलतात. धागा संपला. चहा घ्या. (कप बघून.)

रानफूल

धागा संपला नाही, आत्ता सुरू झालाय. मी नऊ वर्षं फील्डवर केलीत. आरोग्याची सर्वेक्षणं, निवडणुकीची, एकदा साबणाचंसुद्धा.

पुस्तकात लिहिलेलं असतं, 'उत्तरदातीची एकांतात मुलाखत घ्यावी.' आता एकांत कसा असतो ते सांगते. मला अंगणात प्लास्टिकची खुर्ची, बाई उंबऱ्यावर, सासू दाराआड कांदे निवडत. चार पोरं माझ्या टॅबवर ओणवी. शेजारीण "कसला फॉर्म आहे, आमचं बी लिवा की" म्हणत आलेली. आणि मी विचारायचं, नवरा मारतो का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात याची खबरदारी घेतात. हिंसाचाराचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारायचे, खरंच कोणी नसेल तरच विचारायचे आणि मध्येच कोणी आलं तर विषय बदलायचा. तरी पाचव्या फेरीत लग्न झालेल्या बायकांपैकी २९ टक्क्यांच्या आसपास 'हो' म्हणाल्या. मी त्या आकड्याकडे 'कमीत कमी एवढं' असंच बघते. वरची बाजू कोणालाच ठाऊक नाही, पण खालची तरी हातात आली.

आता तुमच्या शिवाशिवीबद्दल. एका अभ्यासात आमच्या प्रश्नावलीत शब्द होता 'शिवाशिव पाळता का'. पहिल्याच गावात चार बायका पटकन 'हो' म्हणाल्या. मी खूश. मग एक म्हणाली, "चार दिवस देवाला न्हाई शिवत." त्यांनी पाळीचं उत्तर दिलं होतं! विटाळ, शिवाशिव, बाजूला बसणं हे शब्द आपल्याकडे एकाच फडताळात ठेवलेले असतात. दिल्लीत बसून भाषांतर करणाऱ्याला ते कुठून कळणार? प्रश्न बदलून घेतला तेव्हा 'हो' एकदम गळाले.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माझं आडनाव. पाण्याचा तांब्या पुढे येण्याआधी विचारतात, "आडनाव काय तुमचं?" माझ्या आडनावावरून जात कळत नाही. मग "गाव कुठलं? पाव्हणे कोण?" अशी चाचपणी होते. सोबतच्या मुलीचं आडनाव मात्र ऐकल्या ऐकल्या कळणारं. एकच गाव, एकच दिवस, आळी फक्त वेगळी. तिला सगळी घरं म्हणाली, "छे छे, आता कुठं राह्यलंय तसलं." मला तीन घरांनी आवाज खाली आणून सांगितलं, "आपल्यात आहे थोडं, तुम्हाला म्हणून सांगते." रात्री लॉजवर आम्ही दोघींनी फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. ती काही बोलली नाही, टॅब चार्जिंगला लावला आणि झोपली.

कोरा_कागद

रानफूलताई, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे उत्तर प्रश्नाला नसतंच, विचारणाऱ्याला असतं.

सरासरी

ताईंचं लिखाण उत्तम. पण 'नसतंच' हा शब्द धागाकर्त्यांनी घाईने वापरला. मी आयुष्यभर सांख्यिकीत नोकरी करून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं वकीलपत्र घेतो.

सर्वेक्षणात चुका होतात हे आम्हाला ठाऊक नाही असं लोकांना का वाटतं कोण जाणे. चुका मोजणं हाच तर आमचा धंदा. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या पुढाकाराने १९५० साली राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झालं. त्यांची एक युक्ती होती. एकाच भागातून दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे, दोन वेगळ्या तुकड्यांनी मोजायचे आणि उत्तरं शेजारी ठेवायची. रानफूलताई आणि त्यांच्या मैत्रिणीने लॉजवर जे केलं तेच, फक्त ठरवून. आपले सुखात्मे, तेही संख्याशास्त्रज्ञ, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, त्यांनी महालनोबिसांशीही वाद घातला. शेतात चौकट आखून तेवढंच पीक कापायचं आणि त्यावरून उत्पन्न काढायचं, ही पीककापणी. ती चौकट लहान घेतली तर उत्पन्न फुगतं, कारण कडेवरचं रोप मोजणाऱ्याच्या हातून आतच धरलं जातं. तिथे खोटं कोणीच बोलत नाही. तरी आकडा चुकतो, आणि किती चुकतो ते काढता येतं.

आता स्मरणाची गंमत बघा. खर्चाच्या पाहणीत पूर्वीपासून 'गेल्या ३० दिवसांत काय खाल्लंत' असं विचारायचे. नव्वदच्या दशकात प्रयोग केला. काही घरांना ३० दिवसांचं विचारायचं, काही घरांना अन्नापुरतं ७ दिवसांचं. कोणाला काय, ते सोडतीने. आठवड्यावाल्यांचा अन्नखर्च ३० टक्क्यांच्या आसपास जास्त निघाला आणि त्या हिशोबाने देशातले गरीब जवळपास निम्मे झाले! एक दाणाही जास्त न शिजवता. मग १९९९-२०००च्या फेरीत दोन्ही रकाने एकाच कागदावर, एकाच माणसाला विचारले. झालं. माणूस एका रकान्याचं उत्तर बघून दुसऱ्याचं जुळवून सांगू लागला आणि ती फेरी आधीच्या कुठल्याच फेरीशी धड ताडून पाहता येईना. गरिबी खरंच किती घटली यावर अर्थतज्ज्ञ पुढे कित्येक वर्षं भांडत होते.

२०२२-२३च्या खर्च पाहणीत प्रश्नावलीचे तीन भाग केले, तीन वेगवेगळ्या महिन्यांत त्याच घरी जाऊन विचारलं. दोन तासांत माणूस कंटाळतो हे उशिरा का होईना मान्य झालं. श्रीमंत घरं नमुन्यातून निसटतात हेही. म्हणून शहरात चारचाकीच्या किमतीवरून घरांचे वेगळे गट पाडून त्यातून निवड केली.

पेठेतला_वाटसरू

काका, पण १४० कोटींच्या देशात या खर्च पाहणीची अडीच लाख घरं म्हणजे किस झाड की पत्ती? आमच्या सोसायटीत तर आजवर कोणीच आलं नाही.

सरासरी

वाटसरू, शितावरून भाताची परीक्षा तुमच्याही घरी करतात. पातेलं मोठं असलं म्हणून कोणी वाटीभर शितं दाबून बघत नाही. हजार माणसं खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडली असतील तर आकडा साधारण ३ टक्के इकडे-तिकडे होतो, मग लोकसंख्या साताऱ्याची असो की देशाची. मात्र शीत कुठून उचललं ते महत्त्वाचं. अमेरिकेत १९३६ साली एका साप्ताहिकाने सुमारे एक कोटी कार्डं पाठवली, २४ लाखांच्या आसपास परत आली आणि त्यावरून रूझवेल्ट पडणार असं छापलं. पत्ते घेतले होते टेलिफोनवाल्यांचे आणि मोटारवाल्यांचे. रूझवेल्ट ६१ टक्के मतं घेऊन आले.

तुमच्या सोसायटीत कोणी आलं नाही याचं एक कारण तुमच्या वॉचमनला विचारा.

रानफूल

काकांना हजार वेळा अनुमोदन. झोपडपट्टीत दिवसाला सहा मुलाखती होतात. टॉवरमध्ये गेटवरच एक तास जातो, मग इंटरकॉमवर "मॅडम झोपल्यात". तीनदा जायचं असा नियम आहे, तिसऱ्यांदा 'घर बंद' लिहायचं. लोक म्हणतात गरीब लपवतात. गरीब चहा पाजतात हो. लपतात ते पंधराव्या मजल्यावरचे.

आणि भांडं फुटलंच आहे तर हेही लिहिते. मी जिथे होते तिथल्या एका एजन्सीत पूर्ण फॉर्ममागे पैसे मिळत. शेवटच्या आठवड्यात काहीजण चिंचेखाली बसून वय, मुलं, शिक्षण भरून टाकायचे. पकडले कसे जायचे सांगू? खऱ्या फॉर्ममध्ये वयं ३०, ३५, ४०, ४५ अशी गठ्ठ्याने येतात, कारण लोक गोल आकडा सांगतात. चिंचेखालचा माणूस हुशार, तो ३३, ३७, ४१ असं 'खरं वाटेल' असं लिहायचा. फार नीटनेटका फॉर्म दिसला की सुपरवायझर फोन फिरवायचा.

वय काढणं ही तर कलाच आहे. "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचे." "किल्लारीच्या भूकंपात हा पाळण्यात होता." म्हणजे १९९३, चला, मिळालं साल.

उसाचं_चिपाड

मी बीडचा. 'घर बंद'वरून आठवलं म्हणून लिहितोय. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मं गाव बंद. कोयते गेले कारखान्याला, ऊस तोडायला. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला.) आता सर्वेक्षणवाला डिसेंबरात आला तर त्याला कोण घावणार? म्हातारी माणसं आन् नोकरीवाले. पावसाळ्यात आला तर सगळे घावतील. तेच गाव, महिना बदलला की माणसं दुसरी.

पण एक सांगतो, पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आम्हाला उपयोग झाला. २० ते २४ वयाच्या किती बायकांचं लग्न अठराच्या आत झालं, तर राज्यात २१.९ टक्के. बीड ४३.७. परभणी ४८. त्याआधी आम्ही मीटिंगमध्ये बोललो की साहेब म्हणायचे, "तुमच्याकडे एखाद-दुसरी केस असेल." आकडा टेबलावर ठेवल्यावर 'एखाद-दुसरी' बंद झालं. माझ्या बहिणीची गोष्ट सांगून जे झालं नव्हतं ते एका तक्त्यानं झालं. याचं मला वाईटही वाटतं, पण झालं हे खरंय.

का होतं ते मात्र त्या तक्त्यात नाही. पोरीला मागं कोणाकडं ठेवायचं? उसाच्या फडावर नेली तर कोपीला, म्हणजे आमच्या पाचटाच्या खोपटाला, दार नाही. लग्न लावलं की एक कोयता वाढतो, नवी उचल मिळते. हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

सरासरी

चिपाडराव, नमस्कार. एक तांत्रिक शेपूट जोडतो. एका जिल्ह्यात साधारण नऊशे घरं, त्यात या वयाच्या बायका थोड्याच. त्यामुळे ४८ आणि ४३.७ यांत 'परभणी बीडपेक्षा वाईट' असं छातीठोक म्हणता येत नाही. 'दोन्ही राज्याच्या सरासरीच्या बरेच वर' एवढं मात्र म्हणता येतं. वर्तमानपत्रं दशांशाची शर्यत लावतात, त्याला आम्ही काय करणार.

दवाखान्यातून

वर्तमानपत्रांचं नाव निघालंच आहे तर २०२१चा नोव्हेंबर आठवा. त्याच सर्वेक्षणातला आकडा आला, हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया. मुलींचा देश झाला म्हणून लेख आले, आमच्या व्हॉट्सअॅप गटात फुगे आले. मी प्रसूतिगृहात काम करते, मला पटेना. तळटीप वाचली. ती मोजणी आदल्या रात्री घरात झोपलेल्या माणसांची. कामासाठी बाहेरगावी गेलेला नवरा त्या घरात मोजला जात नाही आणि सर्वेक्षण घरोघरी चालतं, त्यामुळे बराकीतला जवान किंवा वसतिगृहातला मुलगा त्यात येत नाही. १०२०मध्ये 'बायका मागे राहिल्या' ही गोष्टही आहे.

त्याच अहवालात, गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या बाळांचं प्रमाण हजार मुलग्यांमागे ९२९ मुली. महाराष्ट्रात ९१३, आधीच्या फेरीत ९२४ होतं. म्हणजे आपण खाली आलो. त्यावर फुगे कोणी पाठवले नाहीत.

सर्वेक्षणाने काही लपवलं नव्हतं, दोन्ही आकडे त्याच तक्त्यात होते.

मास्तर_जिप

आम्ही शिक्षक. जनगणना, निवडणूक, पशुगणना, शौचालय, जात, काही असो, शेवटी दारात मास्तरच. त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो.

जात विचारण्याचं सांगतो. २०११च्या सामाजिक-आर्थिक आणि जातगणनेत जात मोकळी लिहून घेतली, आधी छापील यादी नव्हती. केंद्राने पुढे २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की देशात ४६ लाखांवर 'जाती' निघाल्या. १९३१ साली ४,१४७ होत्या. एकट्या महाराष्ट्राच्या सरकारी याद्यांत ४९४ आणि गणनेत ४ लाख २८ हजारांवर! कोणी आडनाव सांगितलं, कोणी कुळी, कोणी गोत्र, कोणी धंदा. लिहिणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की नवी जात जन्माला. मलबारातल्या मापिलांचं स्पेलिंग चाळीस तऱ्हांनी झालं म्हणे, म्हणजे चाळीस जाती. पाचवीतल्या पोरांचं शुद्धलेखन तपासून आमचं आयुष्य गेलं, पण एवढी मोठी लाल रेघ नाही बघितली.

आणि मग यादी आधी छापून नेली तर? तर यादीत नसलेला माणूस विचारतो, "गुरुजी, आम्ही कुठं बसतो?" एक आजोबा, गोसावी समाजाचे, मला म्हणाले, "तुमच्या मशीनमध्ये आम्ही न्हाई, मंग आम्ही हाव का न्हाई?" 'इतर' दाबलं आणि पुढच्या घरी गेलो. आता नव्या जनगणनेत जात येणार आहे. आमच्या शाळेत आत्तापासूनच सगळे मान खाली घालून फिरतायत.

घरीच_असते

नाव बघून हसू नका, मुद्दाम घेतलंय.

रोजगाराच्या पाहणीत आमच्या गोठ्यात उभ्या राहून एका मुलीने आईला विचारलं, "काम करता का?" आई म्हणाली, "नाय बाय, घरीच असते." हातात दुधाची चरवी! राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात अशा बायकांसाठी संकेतांक आहेत. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम, शिवाय घरापुरतं सरपण आणणं, शिवणं-टिपणं वगैरे. माझ्या आईला ९२ मिळाला. दोन म्हशी, ९२.

मग २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी झाली. तिथे 'काम करता का' विचारलंच नाही. काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाला काय केलंत तेवढं सांगा. घरच्या बिनपगारी कामात बायकांचा दिवसाला २९९ मिनिटांचा हिशेब निघाला, पुरुषांचा ९७. आणि ते ९७ देखील ज्यांनी त्या दिवशी काहीतरी केलं अशाच पुरुषांचे, साधारण चारातल्या एकाचे. बाकी तिघं त्या सरासरीतसुद्धा नाहीत.

बाई तीच. 'काम' हा शब्द काढून टाकल्यावर कामं दिसायला लागली.

पेठेतला_वाटसरू

(मी त्या २९९मध्ये चहा मागून भर घालतो हे कबूल.)

सौदागर_२बीएचके

विषयाला थोडा फाटा. आमच्या पिंपळे सौदागरवर जगातल्या नावाजलेल्या ग्रामसर्वेक्षणांपैकी एक झालंय हे खरं का? आमच्याकडे तर फक्त ट्रॅफिक आहे.

सरासरी

अगदी खरं. हॅरॉल्ड मान, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल. १९१७ साली छापलं. तुमच्या गावातली एकूण एक जमीन मोजली, नमुना वगैरे नाही. १७७१ साली सरासरी धारणा ४० एकर, मान पाहणीला गेले तेव्हा ७. १५६ खातेदार आणि त्यांचे तुकडे सातशेवर. इंग्लंडात राउंट्रीने १८९९ साली यॉर्क शहरात कामगारांचं घरन् घर पालथं घालून शहरातली २७.८४ टक्के माणसं गरीब असल्याचं दाखवलं होतं, त्याच घराण्यातला हा कारभार. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी १९३६-३७ साली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. आपल्याकडे ही परंपरा चांगली जुनी आहे.

सौदागर_२बीएचके

७ एकर! आमची धारणा ६८० स्क्वेअर फूट, त्यातही बँकेचा वाटा.

भाची_हजर

मामाने माझी लाज काढलीच आहे तर मी पण लिहिते. ४ टक्के बघून मी खूश झाले होते, कबूल.

वर्गात सरांनी १९३४चा एक जुना निबंध दिला होता. लापिएर नावाचा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एका चिनी जोडप्याबरोबर देशभर फिरला. अडीचशेच्या वर हॉटेलं आणि खानावळी, नकार एकाच ठिकाणी. सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना पत्राने विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त 'नाही' म्हणाले. म्हणजे आपल्याकडच्याच्या उलट. तिकडे तोंडाने वाईट आणि वागायला बरे. त्यामुळे 'लोक नेहमी चांगलं दाखवतात' हेसुद्धा सरसकट म्हणता येत नाही. समोर उभं राहिल्यावर माणूस एक असतो, कागदावर दुसरा.

मग न विचारताच बघायच्या पद्धती आल्या. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या अभ्यासकांनी खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, आडनाव फक्त वेगळं. दलित आडनावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या दोन तृतीयांशच भरली. त्या कंपन्यांत सर्वेक्षण केलं असतं तर शंभर टक्के 'आम्ही गुणवत्ता बघतो' आलं असतं.

दुसरी वाट म्हणजे गावात जाऊन राहणं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका गावात राहिले. त्यांच्यासारख्याला तुमच्या खिडकीतला कप आठवड्यात दिसला असता, मामा. पण एकाच खिडकीतला. असे कप किती घरांत आहेत, वीस वर्षांत किती कमी झाले, शिकलेल्या घरांत कमी आहेत का, हे त्यांना सांगता आलं नसतं. आणि सर्वेक्षणाला किती ते सांगता येतं, पण कप कसा पालथा घालतात ते दिसत नाही. मला आता वाटतं की मत विचारू नये, घडलेलं विचारावं. आयएचडीएसमध्येच लग्नाचंही विचारलंय : नवऱ्याचं घर तुमच्याच जातीचं का? जातीबाहेरची लग्नं देशात सुमारे ५ टक्के. या उत्तरात शेखी मिरवायला फारशी जागा नाही. तिथे २७ टक्के पाळतात म्हणजे ७३ पाळत नाहीत, आणि इथे ९५ टक्के लग्नं जातीतच. दोन्ही आकडे एकाच सर्वेक्षणाचे. भांडण त्यांच्यात लावून द्यायचं, मग काहीतरी कळतं.

४ टक्क्यांबद्दल एक मात्र बोलायचंय. सगळ्यांनी ते खोटंच धरलंय. पण 'हे कबूल करणं लाजिरवाणं आहे' असं महाराष्ट्रात वाटतं आणि मध्य प्रदेशात निम्म्या घरांना वाटत नाही, हाही मोजलेला फरकच आहे ना? चवदार तळ्यापासून एवढ्या वर्षांच्या चळवळीने निदान लाज तरी शिकवली.

उसाचं_चिपाड

ताई, लाज शिकवली हे खरं. पण लाजेनं कप आत कपाटात गेला का फुटला, हे बघावं लागंल.

रानफूल

भाचीबाई, फील्डवर या एकदा. तुमच्यासारख्या मुलींची गरज आहे. (पैसे फॉर्ममागे नसतील तिथेच या.)

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. एवढं वाचल्यावर राहवेना, काल रात्री गावी आईला फोन लावला. वय ८१, कान शाबूत. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं.

"आई, आपल्याकडे पूर्वी शिवाशिव पाळायचे का गं?"

"छे! तुझे आजोबा तसले नव्हतेच. सगळ्यांना घरात चहा असायचा."

"मग तो खिडकीतला निळ्या फुलांचा कप?"

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "तो होय. त्याचा कान तुटला होता ना, म्हणून बाहेर ठेवलेला."

खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवतंय.

रानफूल

हा पहिला प्रश्न झाला, दादा. आता पुन्हा फोन करा आणि दुसरा विचारा : त्या कपात तुम्ही स्वतः कधी चहा प्यायलात का?